सरांचा नंबर

सोमवार, ३ नोव्हेंबर

कॅमेरा आणला. बसमध्ये मांडीवर असा सांभाळून धरला होता की शेजारच्या बाईने "झोपलंय का?" असं विचारायचंच काय ते बाकी होतं.

जुनी वही संपली. नवीला बिचारीला काही माहीत नाही, तेव्हा आधी ओळखी करून देते. मामा म्हणजे कॅमेऱ्याचे दुकानदार. शहरातले सगळे फोटोग्राफर त्यांना मामा म्हणतात आणि ते सगळ्यांना सारखंच रागावतात. त्यांनी डेमोचा कॅमेरा पंधरवड्यासाठी दिलाय. "वापर, पिळून काढ, आणि खरं काय ते येऊन सांग. आवडला तर नवा खोका फोडू." मोठा, धंद्याचा, आरशाचा कॅमेरा. हल्ली बिनआरशाचे निघालेत, पण सरांना आरशाचाच लागतो. 'खटॅक' झाल्याशिवाय त्यांना फोटो निघाल्यासारखं वाटतच नाही.

सर म्हणजे माझा नवरा. मी या स्टुडिओत लागले ती छत्री धरायला, लाइटची छत्री. तेव्हापासून ते सर आणि मी छत्री. लग्नानंतरही 'सर' आणि 'तुम्ही' तसंच राहिलं, आधी गंमत म्हणून आणि मग जीभ वळेना म्हणून. सध्या सर प्रवासी जहाजावर फोटोग्राफर आहेत. एका हंगामासाठी गेले होते, करार वाढला, परत वाढला. आता या महिन्याच्या शेवटी संपतोय. ते आले की फोटोच्या जोडीला फिल्मचं काम सुरू करायचं, असं आमचं ठरलंय. म्हणून हा कॅमेरा. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही एकात. पारखायचं काम माझं, चालवायचं त्यांचं.

खोक्यातून काढल्याकाढल्या पहिलं काम चकतीचं केलं. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक बारकी चकती असते. ज्याच्या चष्म्याचा जो नंबर असेल त्याप्रमाणे ती फिरवायची, म्हणजे चष्म्याशिवाय आतलं स्वच्छ दिसतं. सर चष्मा कपाळावर ढकलून फोटो काढतात. त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक कॅमेऱ्याची चकती सरांच्या नंबरावर. हा स्टुडिओचा कायदा आहे. मी ती एकदाच हलवली होती, एका समारंभात, तर सर घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नव्हते. आता आल्यावर त्यांनी नुसता उचलायचा आणि डोळ्याला लावायचा.

आईंनी (सासूबाई, तोंडाने तिखट, बाकी लोणी) कॅमेरा हातात घेऊन पाहिला. "बाई गं, हे काय धोंडा आणलास? झेपेल का तुझ्या हाताला?"

"सरांच्या हाताला झेपेल की."

"पण हातात तर तुझ्या आहे," आई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

पासपोर्ट फोटोंची गिऱ्हाइकं आज ओळीने. सगळ्यांचे नव्यावर काढले. कातडीचा रंग झकास येतो. जुना कॅमेरा प्रत्येकाला थोडं तांबूस करायचा, जणू आत्ताच कुणीतरी कानाखाली वाजवलीय. हा माणसाला माणसाच्या रंगाचा ठेवतो.

दिवसभर माझी ठरलेली आरोळी चालू होती, "लेन्समध्ये बघा, माझ्याकडे नको." तिऱ्हाईत माणसं बरोबर लेन्समध्ये बघतात. पण फोटो काढणारं माणूस आपलं असलं की नजर आपसूक वर सरकते. जास्त नाही, बोटभर. आज एक लहान मुलगी माझ्यापुढे बसेचना, म्हणून तिच्या आईला कॅमेऱ्यामागे उभं केलं. पोरगी लगेच शहाण्यासारखी बसली, पण एकूण एक फोटोत तिची नजर लेन्सच्या वर. शेवटी त्या आईला खाली बसवून तिचा गाल पार लेन्सच्या काठाला टेकवला, तेव्हा कुठे जमलं.

मी काही वेगळी नाही. सर माझे फोटो काढायचे तेव्हा दर वेळी ओरडा. "छत्री, लेन्समध्ये! माझ्या तोंडाला काय चिकटलंय?" मी त्यांचा काढला की मात्र नजर अचूक काचेच्या मधोमध. एकदाही चुकले नाहीत. याला म्हणतात धंद्याचं माणूस.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. घाईत होते. मी कॅमेऱ्याचं पुराण लावलं, पकड कशी, बटणं कुठे, त्यांच्या अंगठ्याला कुठलं लागेल. ते म्हणाले, "तू तुझ्या हाताला बसेल असा घे." मी किती वेळ नुसती फोन धरून बसले होते. असं कधी बोलत नाहीत. लांब गेल्यावर माणूस मऊ होतं म्हणतात ते खरं असावं.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

नाचाच्या बाईंच्या वर्गावर गेले होते. मंद उजेड आणि हलणारी माणसं, म्हणजे कॅमेऱ्याची खरी परीक्षा. तिथे खिडक्या उंच आणि दिवे पिवळे, जुन्या कॅमेऱ्यात नुसती रवाळ खिचडी व्हायची. हा उतरला! पोरींची गिरकी सुटली तरी फोकस चेहऱ्याला धरून. फोकस लागला की 'टिक' करतो, त्या टिकवर विसंबून मी दाबत गेले. आत जरा धूसर दिसत होतं, पण ते काय, नेहमीचंच.

बाईंनी लगेच विषय काढला. "वर्षाअखेरच्या प्रयोगाची फिल्म करून द्याल ना? मला दुसरं कुणी नकोय."

"सर आले की ठरवू."

"अहो, मागच्या वेळीही हेच म्हणालात." बाई हसल्या, पण सरळ बघत होत्या. "मला या महिन्यात कळायला हवं."

घरी येऊन फोटो पाहिले तेव्हा एक पोरगी गिरकीत हसलेली सापडली. मला ते हसू तिथे दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? आरशाच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि खिडकीत काळोख होतो. पापणी लवते तेवढाच. पण नेमका जो क्षण फोटोत जातो तोच फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. बाकी सगळ्यांना दिसतो.

बंदरावर सर जिना चढून गेले आणि वर जाऊन एकदा वळले. हात केला. तो हात फोटोत आहे, माझ्या कपाटाला आतून चिकटवलाय. पण मी तो पाहिलेला नाही. मी डोळ्याला कॅमेरा लावून बसले होते, हात वर गेला आणि माझ्यासमोर काळोख. काळोख संपला तेव्हा त्यांची पाठ. किती वेळा वाटतं, तेव्हा कॅमेरा घरी ठेवून गेले असते तर. आणि मग वाटतं, मग फोटो नसता.

त्यांची आठवण अशी भलत्या वेळी येते. दिवा बदलताना, वायर गुंडाळताना. कपाळावरचा चष्मा शोधत घरभर फिरायचे, आणि मी मुद्दाम सांगायची नाही.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

व्हिडिओ आणि आवाज. आईंना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, स्वेटर नीट केला, आणि म्हटलं, "बोला काहीतरी."

"काय बोलू? मला काय काम नाही?"

"तेच बोला. आवाज कसा येतो ते बघायचंय. सरांना पाठवू, असं समजा की ते समोर बसलेत."

आई सावरून बसल्या आणि थेट लेन्समध्ये बघितलं, अगदी काचेत भोक पडेल असं. म्हणाल्या, "यायचं तर ये. नाही यायचं तर नको येऊस. पण आता खरं बोलायला शिक." आणि उठून गेल्या.

मी हसून हसून बेजार. आमच्या आई रंगमंचावर असायला हव्या होत्या. आवाज स्वच्छ आलाय, खुर्ची करकरली तीही ऐकू येते. चित्र तर असं की स्वेटरचे टाके मोजावेत. सरांना पाठवायला गेले तर फाइल एवढी जड की जाईना. आले की दाखवेन.

संध्याकाळी आई म्हणाल्या, कपाटातला वरचा कप्पा तुला घे, तुझे कपडे किती कोंबतेस. मी म्हटलं, तिथे सरांचे शर्ट आहेत. "असू देत," म्हणाल्या, "खोक्यात राहतील." काहीतरीच!


रविवार, ९ नोव्हेंबर

आज सर व्हिडिओवर दिसले! किती दिवसांनी. हजामत केली होती, गाल भरलेत. बाजूला मोठी खिडकी, पांढरा पातळ पडदा, उजेड डावीकडून गाळून आलेला. मी आधी उजेडच बघत बसले. असा उजेड आम्ही स्टुडिओत दोन छत्र्या लावून करतो. म्हटलं, "सर, केबिन बदलली वाटतं? बढती झाली की काय?" ते म्हणाले, "हं, तसंच काहीतरी." बढती झाली तरी सांगायचे नाहीत, स्वभावच नाही भाव खाण्याचा.

एक गंमत. जहाजावरून बोलायचे तेव्हा मागचा उजेड सारखा झुलायचा, बघून मलाच मळमळायचं. आज अगदी स्थिर. जहाज बंदराला लागलं असणार. टेबलावर दोन कप होते. त्यांना चहा पिताना दुसरा कप आधीच भरून ठेवायची खोड आहेच.

"महिनाअखेर नक्की ना?" मी विचारलं.

"बघू. कळवतो."

"तुमचा एक ताजा फोटो तरी पाठवा. आईंना हवाय."

आई शेजारच्या खोलीत होत्या. मी हाका मारल्या तर म्हणाल्या, हात ओले आहेत. इतका वेळ कुणाचे हात ओले असतात?


सोमवार, १० नोव्हेंबर

डोकं ठणकतंय. नवा कॅमेरा आल्यापासून रोज दुपारनंतर हेच. वजनामुळे मान धरत असेल. शिवाय याची खिडकी मला मंद वाटते, डोळ्यांवर ताण येतो. मामांना सांगायला हवं. एवढा एकच दोष सापडलाय, पण मोठा आहे. सरांना चालणार नाही.


बुधवार, १२ नोव्हेंबर

सरांचा फोटो आला. कुणीतरी फोनवर काढलाय. सवय लागलीय, आल्याआल्या तपासायला घेतला. फोकस डोळ्यांऐवजी कॉलरवर. मागे कठड्यावर कुंडी, ती नेमकी कानातून उगवल्यासारखी. चौकट डावीकडे कललेली. काढणारा अगदीच शिकाऊ. सरांनी एरवी असला फोटो पुसून टाकला असता आणि वर दोन शब्द सुनावले असते. पण हसू! असं हसताना मी त्यांना पाहिलेलंच नाही, किंवा पाहिलं असेल तर काळोखात गेलं असेल.

आणि गंमत म्हणजे सर चुकलेत! नजर लेन्समध्ये नाही, बोटभर वर आहे. आयुष्यभर मला ओरडले, आणि आज स्वतः. आता आले की सव्याज परतफेड करणार आहे.

मोठा करून छापला. आईंना दाखवला, नजरेची गंमत सांगितली. म्हटलं, समोरच्या भिंतीवर लावूया, गिऱ्हाइकांनाही दिसेल. आईंनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघत राहिल्या, मग पालथा ठेवला.

"नको लावूस."

"का हो? किती छान हसलेत."

"म्हणूनच," आई म्हणाल्या. "जेवून घे, गार होतंय."

मनात पाल चुकचुकली. सरांना बरं नाही की काय, आणि माझ्यापासून लपवतायत? पण फोटोत तर तब्येत उत्तम आहे.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मामांना सांगायला म्हणून जुना आणि नवा कॅमेरा ताडून बघायला बसले होते. फोटोची धार नेहमी डोळ्यांवर तपासतात, पापण्यांचे केस सुटे दिसले पाहिजेत. म्हणून आमच्या दोघांचे जुने फोटो काढले आणि एकेक करून डोळ्यांपर्यंत मोठे करत गेले.

माझे सगळे चुकलेले. पहिल्या वर्षाचे, लग्नानंतरचे, तापातून उठले तेव्हाचे. प्रत्येकात नजर बोटभर वर, सरांच्या कपाळावरच्या चष्म्यापाशी.

मग सरांचे. मी काढलेले. स्टुडिओतले, सहलीतले, वाढदिवसाचे, माझ्या हातात छत्रीऐवजी पहिल्यांदा कॅमेरा दिला त्या दिवशीचा. सगळ्यांत नजर लेन्सच्या मधोमध. एक नाही की चुकलाय. मी पुढे पुढे जात राहिले, एखादा तरी चुकलेला सापडेल म्हणून. पासपोर्टला आलेली तिऱ्हाईत माणसं बघतात ना, तसेच. नीट. काचेत.

आणि मग तो कॉलरवर फोकस असलेला, कललेला.

मी अजून इथेच बसलेय. पडद्यावर त्याचे डोळे आहेत, वहीएवढे मोठे. तो कुणाकडे तरी बघतोय. मी काढलेल्या एकाही फोटोत तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि मी त्याला धंद्याचं माणूस म्हणत होते.


शनिवार, १५ नोव्हेंबर

आई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी जाऊन समोर बसले.

"आई, सर परत येणार नाहीत ना?"

"सर कसला," आई म्हणाल्या. हात चालूच होते. "गाढव आहे."

मग हात थांबले.

"तुम्हाला कधीपासून माहितीये?"

"उन्हाळ्यापासून. जहाज केव्हाच सोडलंय त्याने. तिकडेच घर केलंय. मला म्हणाला, आई, तूच सांग तिला हळूहळू. मी म्हटलं, लग्न करताना मला विचारलं होतंस? मग आता मला कशाला मध्ये घालतोस? तुझ्या तोंडाने सांग. वाटलं, लाज वाटून तरी एकदा येईल, समोर बसेल." त्यांनी हातातला टॉवेल उगाच उलगडला, परत घडी घातली. "आणि मग मला तोंड उघडवेना गं. तू त्याचं नाव घेऊन रोज कॅमेरे पुसायचीस. मी रोज ठरवायचे, आज सांगते. तू आत आलीस की मूग गिळून बसायचे."

मला रागवायचं होतं. कुणावर तेच कळेना. आईंनी टॉवेल माझ्याकडे सरकवला, तोंड पुसायला, आणि तो ओला झाल्यावर दुसरा दिला. "धुतलेलेच आहेत सगळे," म्हणाल्या. "होऊ देत."

दुपारी मी फोन केला.

"जहाज कधी सोडलंस?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तू' म्हटलं. वाटलं होतं जीभ अडखळेल. नाही अडखळली.

तो म्हणाला, "मी सांगणारच होतो, छत्री."

"छत्री म्हणू नकोस."

"आईने सांगितलं का?"

"तूच सांगितलंस. फोटोत."

"कुठल्या फोटोत?" तो खरंच गोंधळला. "त्यात काय आहे? त्यात तर मी एकटाच आहे."

एवढा मोठा फोटोग्राफर, पण त्याला दिसलं नाही. मी समजावत बसले नाही. म्हटलं, "खिडकी चांगली मिळालीय तुला. उजेड छान येतो." आणि फोन ठेवला.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. एवढं सगळं होऊनही त्याचा आवाज ऐकून पहिल्या क्षणाला बरं वाटलं. दोन शब्द बोलेपर्यंत काळीज वेड्यासारखं उड्या मारत होतं, आलाच आहे जणू.


रविवार, १६ नोव्हेंबर

दिवसभर दार तीनदा वाजलं. तिन्ही वेळा मी उठले, आणि तिन्ही वेळा मला माहीत होतं की तो नाही. तरी उठलेच. हे किती दिवस चालतं कुणास ठाऊक. त्याचे शर्ट खोक्यात भरले, एक परत काढून वास घेतला, परत भरला.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

कॅमेरा परत करायचा दिवस. घेणार नाही असंच ठरवून गेले होते. चालवणाराच येणार नाही तर घ्यायचा कुणासाठी?

मामा काउंटरमागे काच पुसत होते. "हं, बोल. खरं खरं."

मी सांगितलं. रंग उत्तम. मंद उजेडात उत्तम. फोकस हलत्या माणसाला सोडत नाही. व्हिडिओ मऊ आणि स्वच्छ, आवाज चांगला, फक्त लांबचा आवाज धरायला वेगळा माइक लागेल. बॅटरी दिवसभर पुरते. वजन भारी, पण हात स्थिर राहतो. "एकच वाईट आहे. खिडकी मंद आहे. धूसर दिसतं, डोकं दुखतं. एवढा धंद्याचा कॅमेरा आणि असा दोष?"

मामांनी कॅमेरा उचलून डोळ्याला लावला आणि झटक्यात बाजूला केला.

"अगं, हा नंबर कुणाचा लावलायस?"

"सरांचा."

"मग एवढे दिवस यातून बघत कोण होतं?"

"मीच."

"आणि जुन्या कॅमेऱ्यात?"

"तोच," मी म्हटलं. मामा माझ्याकडे बघत राहिले. आता रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत. कॅमेरा माझ्या हातात दिला. "रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानाची पाटी दिसतेय ना? तिच्यावर धर. आणि अक्षरं टोकदार होईपर्यंत फिरव चकती. सावकाश."

फिरवली. एक खाच. आणखी एक. आणि पाटी एकदम पुढे आली. अक्षरं, अक्षरांचा उडालेला रंग, खालच्या कोपऱ्यातला खिळा. मी कॅमेरा वळवला. बसची वाट बघणारी माणसं, एकाच्या कोटाचं तुटायला आलेलं बटण, एका बाईच्या कपाळावरची जराशी सरकलेली टिकली. मला वाटायचं, कॅमेऱ्यातून सगळ्यांना जग असंच दिसतं, जरासं पुसट. मला वाटायचं, नीट बघायला घरी जाऊन फोटो मोठा करेपर्यंत थांबावंच लागतं. स्टुडिओत आले त्या दिवसापासून मी त्याच्या नंबरातून बघत होते, आणि तो इथे नसतानाही मीच मन लावून तो नंबर लावून ठेवत होते.

मग सगळं परत धूसर झालं.

"आता काय झालं?" मामा म्हणाले.

"काही नाही. नंबर लागतोय."

मामांनी तोंड फिरवून पुसलेलीच काच परत पुसायला घेतली. मी डोळे कोरडे केले आणि म्हटलं, "नवा खोका फोडा."

त्यांनी फोडला. कॅमेरा बाहेर काढला आणि सवयीने विचारलं, "सरांच्या नंबरावर लावून देऊ ना? आल्यावर त्यांना..." त्यांना कुठे काय माहीत.

"नको. माझा मी लावते."

बसस्टॉपवरूनच नाचाच्या बाईंना फोन केला. म्हटलं, फिल्म करते. त्यांनी विचारलं, सर आले का? म्हटलं, नाही, मी करते. बाई म्हणाल्या, "मग मी आधी काय वेगळं म्हणत होते?"

घरी आई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मी काही न बोलता कॅमेरा काढला आणि डोळ्याला लावला. आई टोकदार दिसल्या. भुवईतला एकुलता काळा केस, डोळ्यांखालची सूज, म्हणजे त्याही रडल्यात, मला न कळू देता. आणि नजर लेन्सच्या वर, बोटभर.

"आई, लेन्समध्ये बघा."

"कशाला? मी तुझ्याकडे बघतेय."

बटण दाबलं. खटॅक. नेहमीसारखा काळोख झाला. पण त्याच्या आधी मी त्यांना नीट पाहिलं होतं.

कॅमेरा ठेवताना हात आपोआप चकतीकडे गेला. मग मी तो काढून घेतला आणि लेन्सला झाकण लावलं.